बंद लेन्सच्या कॅमेऱ्यात धूळ जात नाही, हा समज आधी काढून टाका

नमस्कार दादा,

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले, कारण त्यातलं एक वाक्य २०१९ मध्ये मी दुकानाच्या काउंटरवर अगदी असंच बोलले होते : "लेन्स बदलताना आत धूळ जाते म्हणतात, मग बंद लेन्सचा सुपरझूमच बरा ना?" तुमचं बजेट ८० हजार, मे महिन्यात ताडोबा, थंडीत नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी, आणि निवड दोन कॅमेऱ्यांतली : खिशात मावणारा, लेन्स न निघणारा चाळीसपट झूमवाला (म्हणजे सुपरझूम) की दोन लेन्सच्या किटसकट मिळणारा, लेन्स बदलता येणारा मिररलेस. मेगापिक्सेल, वायफाय, फोर-के यांबद्दल मी काही लिहीत नाही. ते हल्ली सगळ्यांत पुरेसं असतं. मी व्यावसायिक फोटोग्राफर नाही, सोलापुरात बँकेत नोकरी करते आणि सुट्ट्यांमध्ये उजनी, नान्नज, ताडोबा करते. जे लिहितेय ते तेवढ्याच अनुभवावरचं.

खिशातल्या सुपरझूमची लेन्स "बंद" नसते. फक्त तुम्हाला ती काढता येत नाही. कॅमेरा सुरू केला की नळीतून नळी, तिच्यातून आणखी एक नळी, अशी ती बाहेर येते. बाहेर येताना आतली पोकळी वाढते आणि हवा फटींतून आत ओढली जाते. सायकलच्या पंपाचा दांडा वर ओढल्यावर जे होतं, तेच. हवेबरोबर धूळ जाते, आणि त्या नळीच्या तळाशीच चित्र टिपणारा सेन्सर बसलेला असतो.

माझं काय झालं ते सांगते. बाबांना एकदा तरी वाघ बघायचा होता. मे महिन्यात आम्ही मोहर्ली गेटमधून तीन फेऱ्यांचं बुकिंग केलं आणि त्या सहलीसाठीच २९ हजारांचा एक खिशातला सुपरझूम घेतला. उघडी जिप्सी, मातीचा रस्ता, पुढे दुसरी जिप्सी. गाईडने हात केला की झूम बाहेर, काही नाही म्हटलं की झूम आत, गाडी सुटली की कॅमेरा बंद, थांबली की परत सुरू. पहिल्या दिवशी ती लेन्स निदान शंभर वेळा आतबाहेर झाली असेल, आणि तीही पुढच्या गाडीने उडवलेल्या धुरळ्यात. रात्री गमछ्याने कॅमेरा बाहेरून पुसला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर वाघीण आली. वीस-बावीस मिनिटं ती पाण्यात बसून होती. फोटो काढले, व्हिडिओ घेतला. त्यात बाबांचा दबलेला आवाज आहे, "आली गं, आली." खोलीवर येऊन बघते तर प्रत्येक फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात तूरडाळीच्या दाण्याएवढा करडा डाग. लेन्स पुसली, डाग तिथेच. झूम कमी केला की फिकट, पूर्ण वाढवला की ठसठशीत. याचं कारण मला नंतर कळलं : पूर्ण झूमवर या लेन्समध्ये प्रकाश सेन्सरवर अरुंद वाटेने येतो आणि सेन्सरवरच्या कणाची सावली धारदार पडते. म्हणजे ज्या झूमसाठी कॅमेरा घेतला, त्याच झूमवर डाग सगळ्यात जास्त दिसणार. फोटोंमधला डाग मी एकेक करून घालवला. व्हिडिओत तो अजून आहे, वाघिणीच्या डोक्यावरून सरकत जातो.

आता ज्या प्रकरणात माझे सगळ्यात जास्त पैसे आणि दिवस गेले ते. कॅमेरा वॉरंटीत होता. सोलापुरात अधिकृत सर्व्हिस सेंटर नव्हतं, म्हणून पुण्याला रजा टाकून गेले. काउंटरवर कॅमेरा घेतला, जॉब शीट दिली, "आठ दिवसांत कळवू" म्हणाले. तीन आठवडे काहीही कळवलं नाही. मी फोन केला की दर वेळी नवीन माणूस, नव्याने सगळी हकीकत, आणि "मॅडम, पार्ट मागवलाय." कुठला पार्ट, कशासाठी, ते कुणीच सांगेना. सव्वा महिन्याने एस्टिमेट आलं : साडेतेरा हजार. या मॉडेलमध्ये सेन्सर स्वतंत्रपणे साफ करत नाहीत, अख्खं लेन्स युनिट बदलावं लागतं, आणि धूळ हा "वापरातला दोष" असल्यामुळे वॉरंटी लागू नाही. मी विचारलं, धूळ गेली ती तुमच्या लेन्सच्या फटींतून, मी तर काहीच उघडलेलं नाही, मग दोष माझा कसा? उत्तर आलं, नियम आहे. नियम लेखी द्या म्हटलं तर वॉरंटी कार्डाच्या मागची बारीक अक्षरातली एक ओळ दाखवली. त्यात 'डस्ट' शब्द होता, बाकी काही नाही. एस्टिमेट नाकारलं तर तपासणीचे पैसे भरा. ते भरले. कॅमेरा हातात पडला तेव्हा अडीच महिने झाले होते आणि डाग होता तिथेच होता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन तेव्हा माझ्या डोक्यातच आली नाही, याची आजही हळहळ वाटते. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्या आठवड्यातच तिथे, १९१५ या नंबरवर, तक्रार नोंदवा. जॉब शीटवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, आणि बिलावर कॅमेऱ्याचा सीरियल नंबर आहे ना ते दुकानातच बघा. नंतर तो लिहून मिळत नाही.

पुढची चूक मात्र सर्वस्वी माझी. ओळखीतून एक दुरुस्तीवाला मिळाला. त्याने ८०० रुपयांत अर्ध्या तासात कॅमेरा उघडून सेन्सर पुसून दिला. डाग गेला. घरी येऊन फोटो काढले तर उजवी बाजू स्पष्ट आणि डावी बाजू मऊ. सेन्सर परत बसवताना केसभर तिरका बसला होता. इतक्या छोट्या सेन्सरला केसभरही पुष्कळ होतं. तो कॅमेरा तिथेच संपला. माणूस वाईट नव्हता, पण ते काम टेबलावर अंदाजाने करायचं नव्हे. व्हॅक्यूम क्लीनर लेन्सला लावून धूळ ओढून काढायचा उपायही लोक सांगतात. काहींचा डाग त्याने गेलाही असेल, पण मी सुचवणार नाही. त्या नळ्या फिरवणारी मोटर नाजूक असते.

म्हणून माझं मत, आणि हे मतच आहे : धूळ मिररलेसमध्येही जाते. फरक एवढाच की तिथे सेन्सर तुमच्या हाताशी असतो. लेन्स काढायची, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरायचं, रबरी ब्लोअरने दोन-चार फुंकर मारायच्या (तोंडाने नाही, थुंकीचे कण उडतात), काम झालं. बऱ्याच मिररलेसमध्ये सेन्सर थरथरवून धूळ झटकायची सोयही असते. आणि जिप्सीत लेन्स बदलायचीच नाही. खोलीवर पंखा बंद करून लांब लेन्स चढवायची आणि फेरी संपेपर्यंत तीच ठेवायची.

आता दुसरी गोष्ट, ज्यात दुकानदार हमखास गंडवतो : तो "चाळीसपट", "साठपट" हा आकडा. पट म्हणजे फक्त सर्वांत लांब भागिले सर्वांत रुंद. पक्षी किती चांगला येईल ते त्यावरून कळत नाही. लेन्सच्या तोंडावरची कडी वाचा. तिथे खरी फोकल लांबी (जितकी मोठी तितकं लांबचं जवळ दिसतं) आणि एफचा आकडा (लेन्सचं छिद्र किती उघडतं ते, आकडा लहान तितका प्रकाश जास्त) छापलेला असतो. मोठी फोकल लांबी घ्या, तिला मोठ्या एफ आकड्याने भागा. येईल ते प्रकाश आत येण्याच्या खिडकीचं माप, मिलिमीटरमध्ये. खिशातल्या चाळीसपटवाल्यावर साधारण १७२ आणि ६.९ असं लिहिलेलं असतं, म्हणजे २५ मिमी. निकॉन पी-९५० या मोठ्या सुपरझूमवर ३५७ आणि ६.५, म्हणजे ५५. सोनी आरएक्स-१० मार्क ४ वर २२० आणि ४, तेही ५५. मिररलेसवर बसणारी कॅननची आरएफ १००-४०० लेन्स घेतली तर ४०० भागिले ८, म्हणजे ५०. २५ ची खिडकी आणि ५५ ची खिडकी यांच्या क्षेत्रफळात जवळपास पाचपट फरक आहे. पहाटेच्या फेरीत झाडाखाली बसलेला वाघ किंवा धुक्यातला चक्रवाक टिपताना हाच फरक दाणेदार चिखल आणि पिसं यांच्यातला असतो.

याच हिशोबाने तुम्ही म्हणताय तो दोन लेन्सच्या किटचा मिररलेसही तुमच्या कामाचा नाही. त्यातली लांब लेन्स २१० किंवा २५० मिमीची असते. २५० भागिले ६.३ म्हणजे ४०. घरच्या समारंभाला, कासच्या फुलांना उत्तम. पण नांदूरला चापडगावच्या मनोऱ्यावरून बदकं बघाल तेव्हा ती फोटोत मुंग्यांएवढी येतील. मिररलेस घ्यायचा तर किट सोडून द्या. साधी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि १००-४०० सारखी एकच लांब लेन्स. कॅननच्या आर-१० ची बॉडी ४२९ ग्रॅम, ही लेन्स ६३५ ग्रॅम, दोन्ही मिळून जेमतेम एक किलोच्या वर. पी-९५० एकटा एक किलोचा आहे. त्यामुळे "मिररलेस जड पडतो" हे पक्ष्यांच्या बाबतीत खरं नाही. आर-१० च्या छोट्या सेन्सरवर ही लेन्स ६४० मिमीसारखी वागते आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस स्वतः पकडतो. उडत्या भोवत्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या मागे कॅमेरा फिरवताना हे फार उपयोगी पडतं.

अडचण पैशांची. बॉडी आणि ही लेन्स नवीन घेतली तर ८० हजारांत बसत नाही. तेव्हा बॉडी वापरलेली घ्या, लेन्स नवीन घ्या. वापरलेली बॉडी घेताना निळ्या आकाशाचा एक फोटो छिद्र बारीक करून, एफ/१६ ला, तिथेच काढून बघा. डाग असेल तर लगेच दिसतो.

तेवढंही जमत नसेल आणि बजेट हलणारच नसेल, तर पी-९५० सारखा मोठा सुपरझूम घ्या (त्याला ब्रिज म्हणतात), व्ह्यूफाइंडर म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी असलेला. खिशातला नको म्हणजे नको. एक खरं सांगायला हवं, ब्रिजची लेन्सही आतबाहेर होते आणि धुळीचा धोका तिथेही आहे. म्हणून धुरळा असताना झूम हलवायचा नाही, चालू गाडीत कॅमेरा मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा कोरड्या पंच्यात गुंडाळून ठेवायचा, आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायला ड्रायव्हरला आधीच सांगायचं. ते ऐकतात. उडत्या पक्ष्यावर या कॅमेऱ्यांचा फोकस मागे पडतो, आरएक्स-१० सारखे अपवाद सोडून. पण बसलेला पक्षी आणि शांत बसलेला वाघ यांना पुरेसा आहे. व्ह्यूफाइंडर यासाठी की मे महिन्यातल्या उन्हात मागचा स्क्रीन दिसतच नाही. ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, तेव्हा पर्याय म्हणून फोनवर विसंबू नका.

पी-९५० सारख्याचा जाहिरातीतला २००० मिमी झूम (खरी लांबी ३५७च, बाकी छोट्या सेन्सरची करामत) बघून हुरळून जाऊ नका. नऊनंतर पाण्यावरची हवा तापते आणि लांबचं सगळं उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखं हलतं. त्याला कुठलाच कॅमेरा काही करू शकत नाही. उजनीला मी कुंभारगावहून सूर्य उगवायच्या आत नाव काढायला सांगते. रोहित पक्षी शंभर फुटांवर असले की ३०० मिमीलाही सुंदर येतात.

जिप्सीत ट्रायपॉड उघडत नाही. जुन्या जीन्सची अर्धी तंगडी शिवून तीत दोन किलो तांदूळ भरा आणि गाडीच्या दांड्यावर ठेवून त्यावर कॅमेरा टेका. फोटोच्या वेळी इंजिन बंद करायला सांगा. पावसाळ्यात मात्र ओल शोषायला म्हणून ते तांदूळ कॅमेऱ्याजवळ ठेवू नका, त्यांची भुकटी उडते. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरा. नाशिकच्या पावसात बुरशी लागायला एक श्रावण पुरतो, आणि बुरशी लागलेल्या लेन्सचं एस्टिमेट धुळीपेक्षाही मोठं येतं.

किमती मी मुद्दाम लिहिल्या नाहीत, सणासुदीला बदलतात. वापरलेली बॉडी बघायला जाल तेव्हा तो आकाशाचा फोटो इथे टाका, मी बघून सांगते.