ठेच्यावर खापर कशाला?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, वय ४६. सहा एकर कोरडवाहू, कपाशी न् तूर. दोन वर्षांपासून पोटात आग होते, रात्री आंबट पाणी घशाशी येते. घरची म्हणते, ‘हा ठेचाच तुमाले खाऊन रायला.’ तीन महिने झाले, ठेचा सोडला, तर्री सोडली, अळणी वरण खातो. काडीचा फरक नाही. कंबर दुखते म्हणून सकाळी वावरात जायच्या आधी मेडिकलमधून आणलेली गोळी घेतो. जास्तच झालं तर गावात येणाऱ्या डॉक्टरकडून सुई टोचून घेतो. खर्रा दिवसाला पाच-सहा. दारू नाही. पाणी विहिरीचं. काय खावं, काय नाही, ते सांगा.
ता. क. दिवाळीच्या आधी दोन-तीन दिवस शी काळी झाली होती, मग आपोआप बरी झाली.
– एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, दोन पानं ठेच्यावर लिहिली आणि खरी गोष्ट ताजा कलमात टाकली! तिथूनच सुरू करतो. शी नुसती काळपट होती, की डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची? त्या दिवसांत रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चालू होत्या का? त्यानंही शी काळी होते. गोळ्या नसतील आणि शी डांबरासारखी असेल, तर जठरात नाहीतर त्याच्या पुढच्या आतड्यात जखम होऊन रक्त गेलं, असंच धरून चालायचं. आपोआप थांबलं म्हणजे जखम भरली असं नाही. हा अंक हातात पडला की त्याच आठवड्यात सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजात जाऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्या. मधेच पुन्हा काळी झाली, चक्कर आली, रक्ताची उलटी झाली, तर आठवड्याची वाट पाहायची नाही. त्याच रात्री गाडी करा.

आता गुन्हेगार कोण? माझा पहिला संशय त्या कंबरेच्या गोळीवर. जठरात तेजाब असतं, पण आतल्या अस्तरावर चिकट थर असतो म्हणून ते जठरालाच जाळत नाही. हा थर टिकवणारं द्रव्य शरीर स्वतः बनवतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दुखणं थांबवता थांबवता ते द्रव्य बनणंही कमी करतात. ‘म्हणून तर मी सुई घेतो, पोटात जातच नाही,’ असं मला ओपीडीत किती जणांनी ऐकवलं असेल! सुईचं औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. कंबर दुखते हे खरं आहे, वावरातलं काम बसून होत नाही. पण त्यासाठी पॅरासिटामॉल पोटाला पुष्कळ सोसतं. किती आणि कधी घ्यायचं ते तपासणीला जाल तेव्हा विचारा. जुनी गोळी आणि सुई मात्र आजपासून बंद.

दुसरा संशय एका जंतूवर. हेलिकोबॅक्टर पायलोरी त्याचं नाव. बहुधा लहानपणीच घरातल्या घरात लागतो आणि वर्षानुवर्षं जठरात मुक्काम करतो. अल्सर, म्हणजे ही जठरातली जखम, तिखटानं न् काळजीनं होते असं आमच्या पिढीलाही शिकवलं होतं. खरं कारण हा जंतू आहे हे दाखवायला ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शल या डॉक्टरनं १९८४ साली हे जंतू चक्क पिऊन स्वतःचं जठर सुजवून घेतलं. पुढे २००५ साली त्याला आणि त्याचा सहकारी रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. तुमच्या पोटात तो आहे का, हे दुर्बिणीच्या वेळी अस्तराचा कण काढून कळतं. असला तर साधारण चौदा दिवसांचा कोर्स असतो. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. जंतू आणि दुखण्याची गोळी एकाच पोटात असली की जखमेचा धोका आणखी वाढतो.

खर्ऱ्यावर उपदेश करायचा अधिकार मला फारसा नाही. मेडिकलला शिकताना मीही सात वर्षं खाल्ला. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून मिळालेली ती पुडी दुपारपर्यंत खिशात गरम राहायची. त्यातला सगळा रस आपण थुंकत नाही, बराचसा गिळतो. निकोटिननं अन्ननलिकेच्या खालची झडप ढिली पडते, म्हणून रात्री तुमच्या घशाशी आंबट येतं. तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचं तर वेगळं सांगायला नको. आणि फवारणीच्या दिवसांत पंप पाठीवर असताना ज्या बोटांनी नोझल साफ करता, त्याच बोटांनी पुडी उघडून गालात भरता. हे तुम्ही लिहिलं नाही, पण मी पाहिलंय. एकदम सुटत नसेल तर आधी फवारणीच्या दिवशीचा बंद करा.

रात्रीचं जेवण आणि अंथरूण यात तीन तास ठेवा. बाजेच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली एकेक वीट लावा. नुसत्या दोन उशा घेतल्यानं मान दुखते, आंबट थांबत नाही. विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, पडते का, ते ग्रामपंचायतीत विचारा. तुमच्या जळजळीशी त्याचा संबंध नाही, पण पावसाळ्यातली कावीळ आणि हगवण त्यानं टळते.

ठेचा? त्यानं जखम होत नाही, असलेली झोंबते. तपासणी होईपर्यंत नका खाऊ, नंतर भाकरीबरोबर खुशाल खा. घरच्या वहिनींना हे वाचून दाखवायला हरकत नाही, फक्त ताजा कलमही दाखवा, कारण तो त्यांना ठाऊक नसावा असं मला वाटतं. आणि जाताना गोळीचं रिकामं पाकीट खिशात ठेवा. ‘पांढरी, गोल गोळी आहे जी,’ एवढ्यावर आम्हाला काही ओळखता येत नाही.