उपग्रहातून धरणाचं पाणी: वर्गात कसं दाखवावं?

प्रश्न: आठवीच्या मुलांना उपग्रहचित्रांवरून धरणातलं पाणी कसं घटतं ते दाखवायचं आहे. प्रोग्रामिंग येत नाही. जमेल का?

उत्तर: नक्की जमेल. 'कोपर्निकस ब्राउझर' हे मोफत संकेतस्थळ उघडा, उजनी शोधा, सेंटिनेल-२ (युरोपचे छायाचित्रं घेणारे उपग्रह) निवडा. ऑक्टोबर आणि मे अशा दोन महिन्यांतली ढग नसलेली चित्रं घ्या आणि 'एनडीडब्ल्यूआय' (पाणी ओळखण्याचा निर्देशांक) थर लावा. पाणी निळं दिसेल.

पण रंगावर थांबू नका, गणित फळ्यावर करून घ्या. पाणी जवळच्या अवरक्त (नियर इन्फ्रारेड) किरणांना शोषून घेतं, पानं ते परावर्तित करतात. म्हणून हिरव्या पट्ट्यातल्या (हिरव्या प्रकाशाच्या) परावर्तनातून अवरक्त पट्ट्यातलं वजा करायचं आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचं. समजा, पाण्यासाठी हिरवा ०.०८ आणि अवरक्त ०.०२ आले, तर उत्तर ०.६. पिकासाठी ०.०८ आणि ०.४० आले, तर उणे ०.६७. साधारणपणे शून्याच्या वर पाणी. या दोन्ही पट्ट्यांत चित्राची प्रत्येक चौकट (पिक्सेल) १० मीटर बाजूची, म्हणजे १०० चौकटी मिळून एक हेक्टर.

फसगत तीन ठिकाणी होते. जलपर्णीखालचं पाणी शेतासारखं दिसतं. डोंगराची सावली पाणी भासते. कोयनेच्या खोऱ्यात हे हमखास, म्हणून सुरुवातीला उजनीच बरं. पावसाळ्यात ढगच ढग. तेव्हा सेंटिनेल-१चं रडारचित्र घ्या, त्यात शांत पाणी काळं दिसतं.

आणि मुलं हटकून विचारतील, "मग टीएमसी (अब्ज घनफूट) किती?" चित्रातून फक्त क्षेत्रफळ कळतं. साठ्यासाठी जलसंपदा विभागाचा त्याच तारखेचा आकडा शेजारी मांडा.