खोबरेल तेल, फाटलेला कंडोम आणि १८ वर्षांचं अंतर

पत्र : ताई, मी ५२ वर्षांची, नाशिकला गंगापूर रोडला राहते. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये ३४ वर्षांचा एक मित्र आहे, अविवाहित. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही पहिल्यांदा जवळ आलो. खूप दुखलं, थोडं रक्त गेलं. त्याने खोबरेल तेल लावलं, तर कंडोम फाटला. तो गांगरला आणि सगळं तिथेच थांबलं. त्याला वाटतं, तो मला नको होता. मला वाटतं, माझं वय झालं. आठ महिने पाळी नाही, म्हणजे दिवस जायची भीती नाही ना?

उत्तर : भीती आहे. सलग १२ महिने पाळी आली नाही, तरच ती गेली असं धरतात. आठव्या महिन्यातही एखादं बीज सुटू शकतं. कंडोम फाटल्यावर दिवस राहू नयेत म्हणून ७२ तासांत घ्यायच्या गोळीची वेळ गेली. पण २१ दिवस उलटल्यावर घरच्या किटवर केलेली लघवीची तपासणी भरवशाची असते. सकाळच्या पहिल्या लघवीची उद्याच करा. ओळखीच्या मेडिकलमध्ये जायला लाज वाटत असेल तर पंचवटीत किंवा नाशिकरोडला जाऊन घ्या. आपलं गाव मोठं झालंय, तेवढा तरी फायदा.

एचआयव्हीची तपासणी दोघांनी करा. त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचा सल्ला आणि तपासणीचं केंद्र आहे. तिथे ती मोफत होते आणि माहिती गुप्त ठेवतात. आत्ता एकदा, घटनेपासून तीन महिने झाल्यावर पुन्हा. शंका असतील तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा.

आता दुखण्याचं. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. इच्छा भरपूर असली तरी ओलावा उशिरा आणि कमी येतो. चौतिशीतल्या पुरुषाला हे कोण सांगणार? तो त्याच्या वेगाने गेला. पातळ कातडी खरचटली, म्हणून रक्त. एकदा दुखलं की पुढच्या प्रयत्नाला स्नायू आपोआप आवळतात आणि दुखणं दुप्पट होतं. त्याला नकार वाटला, ते हेच स्नायूंचं आवळणं.

लॅटेक्सच्या कंडोमला तेल चालत नाही. खोबरेल असो, व्हॅसलीन असो की बॉडी लोशन, काही मिनिटांत रबर कमजोर होतं. पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट मागा. चमचाभर तरी घ्या : थोडं तुमच्या आत-बाहेर, थोडं कंडोम चढवल्यावर त्याच्या बाहेरून. सुकलं की पुन्हा लावा, यात कंजुषी नको. आधीची १५-२० मिनिटं नुसत्या स्पर्शाची ठेवा. मग तुम्ही वर राहा, म्हणजे किती आत आणि किती हळू हे तुमच्या हातात राहतं. दुखलं तर ‘थांब’ म्हणा. दात आवळून सोसायचं ते लग्नात पुष्कळ झालं.

एरवीच्या कोरडेपणासाठी योनीत लावायचं मॉइश्चरायझर मिळतं, साधारण दर तीन दिवसांनी झोपताना लावायचं. तेवढ्याने भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ इस्ट्रोजेनचं क्रीम देतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते आधी सांगा. काही क्रीमही रबर खातात, म्हणून संबंधाच्या तोंडावर लावू नका. साबणाने किंवा जंतुनाशकाने आत धुणं बंद करा, कोरडेपणा वाढतो. संबंधानंतर लघवीला जाऊन या. लघवीला जळजळ होत असेल तर तपासून घ्या. रक्त पुन्हा दिसलं तर ‘खरचटलं असेल’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा आणि पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, करून घ्या.

राहिला तो. मध्येच ताठरपणा जाणं घाबरल्यावर सर्रास होतं. मित्रांच्या सल्ल्याने मेडिकलमधून ताठरपणाची गोळी त्याला आणू देऊ नका. हृदयाच्या नायट्रेटच्या औषधांबरोबर ती जिवावर बेतते, आणि त्याला गरज धीराची आहे. हे बोलणं अंथरुणात नको, चहाच्या टपरीवर करा. त्याला सांगा, ‘मला तू हवा होतास, दुखत होतं.’ तिथेच विचारून घ्या, तो कंडोम कुठे ठेवला होता. पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत उन्हाळा काढलेलं रबर तेलाशिवायही फाटतं. पुढच्या वेळी तारीख बघून नवं पाकीट तुम्हीच घ्या.