ऐंशीच्या दशकातील सर्वोत्तम ब्रिटिश पॉप आणि इंडी (छोट्या, स्वतंत्र रेकॉर्ड कंपन्यांची) सिंगल, म्हणजे अल्बमऐवजी सुटे निघालेले गाणे, कोणती?
माझ्या क्रमवारीत पहिला मान न्यू ऑर्डर या बँडच्या १९८३ मधील ‘ब्ल्यू मंडे’चा आहे, १२ इंची तबकडीवर निघालेले, ७ मिनिटांहून लांब असलेले हे गाणे ड्रम मशीनच्या कोरड्या ठोक्यांनी सुरू होते, गायकाच्या आवाजासाठी सुमारे २ मिनिटे वाट पाहावी लागते, आणि फ्लॉपी डिस्कसारख्या कापलेल्या वेष्टनावर गाण्याचे वा बँडचे नावही सरळ अक्षरांत छापलेले नाही, तरीही ते तुफान खपले. दुसरे स्पेशल्स या बँडचे ‘घोस्ट टाउन’: १९८१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये दंगली पेटल्या असताना ओस पडलेल्या शहरावरचे हे गाणे ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत अव्वल होते. तिसरे गायिका केट बुशचे ‘रनिंग अप दॅट हिल’. स्मिथ्स बँडचे चाहते रागावतील, पण त्या बँडच्या ‘धिस चार्मिंग मॅन’ला मी चौथेच स्थान देईन, आणि तेही मुख्यतः बँडचा गिटारवादक जॉनी मार याच्या गिटारसाठी.