आधी विचार, मग लिही

पोरी,

तुझा मेसेज वाचला. सगळ्या पंचनाम्यांत तू 'नदीकाठची जमीन, पुराने नुकसान' एवढंच लिहिलंस आणि वरून ते परत आले. आता विचारतेस, गावात एक जण मळई म्हणतो, दुसरा थडी, तिसरा म्हणतो रान चिबडलं, चौथा म्हणतो खरडलं. यातलं खरं कुणाचं धरायचं? सगळ्यांचंच. प्रत्येक जण वेगळ्या रानाबद्दल बोलतोय आणि तू सगळ्यांना एका ओळीत कोंबलंस.

थडी म्हणजे नदीची अख्खी बाजू. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, म्हणून पैठणपासून शहागड, गंगाखेड असा खाली उतरत जाणारा पट्टा म्हणजे गंगथडी. एवढ्या पट्ट्याचं नाव एका गटाच्या पंचनाम्यात घालून कुणाचं भलं होणार? दरड वेगळी. पाण्यानं खालून कापलेला तो उभा कडा, त्याच्यावरचा बांध आज शाबूत दिसतो म्हणून 'नुकसान नाही' लिहून मोकळी होऊ नकोस. गाळपेर आणखी वेगळी. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, उन्हाळ्याकडे ओसरत जातो तशी उघडी पडते, जमीन जलसंपदा खात्याची आणि कसणाऱ्याला ती फक्त हंगामापुरती. त्याला सातबारा माग म्हटलंस तर तो कुठून आणणार? पूररेषेच्या नकाशाचं म्हणशील, तर निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. बांधकामाची परवानगी द्यायची असेल तेव्हा तो नकाशा काढ. रानाचं काय झालं हे त्यात नसतं.

म्हणून सांगतो, कसणाऱ्याला आधी विचार, मग लिही.

हा माझा छंद समजू नकोस. यात पैसा आहे. रान चिबडलं म्हणजे पाणी साचून राहिलं, मुळं कुजली, पीक पिवळं पडलं. जमीन जागेवरच आहे, तेव्हा मदत पिकापुरती. गाळ साचला आणि थर 3 इंचांहून जास्त भरला, तर तो काढायला केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत हेक्टरी 18,000 रुपये आहेत. नदीनं प्रवाह बदलून रानच खरडून नेलं, तर हेक्टरी 47,000. ही दोन्ही अल्प आणि अत्यल्प भूधारकांना. आता सांग, तुझ्या 'नदीकाठची जमीन' मधून वरच्या कारकुनानं यातलं काय ओळखायचं?

लोक खोटं बोलतात, हे तू लिहिण्याआधीच मला कळलं होतं. बोलतात ना! 47 चा आकडा गावात पोचला की चिबडलेलं रानसुद्धा रातोरात खरडतं. म्हणून विचारल्यावर थांबायचं नाही, पहार मागायची. चार-पाच ठिकाणी मारून बघ. वर मऊ, चिकट, काळसर थर आणि खाली तुरीचे बुडखे हाताला लागले, तर मळई बसली आहे. म्हातारे ती पाहून आतून खूश असतात, कारण रब्बीला त्यावर हरभरा असा येतो की खत विचारू नये. पहार खरखरली तर वाळू आहे, तिथं कोणी खूश नसतं. आणि खरडलेलं रान बघायला पहार लागतच नाही. मुरूम उघडा, पुरलेली पाइपलाइन वर लोंबकळतेय, मोसंबीची मुळं हवेत, बांधाचा मागमूस नाही. सप्टेंबर 2025 मध्ये अशी रानं मराठवाडाभर दिसली. तेव्हा मी निवृत्त होतो, तरी लोक मला बोलवून न्यायचे.

तलाठ्याच्या सज्जावर मला मागून 'रखडू अप्पा' म्हणायचे, ठाऊक आहे मला. पंचनामे उशिरा जायचे, तहसीलच्या बैठकीत सगळ्यांदेखत नाव पुकारलं जायचं, मंडळ अधिकारी व्हायलाही वेळ लागला. पण एका रात्रीत खुर्चीवर बसून संपवलेले पंचनामे आणि माझे, दोन्ही काढून बघ कोणीतरी. माझ्याकडच्या माणसांना दुसऱ्यांदा अर्ज करावे लागले नाहीत. रुखरुख एवढीच आहे की ज्यांना विचारत फिरलो ते म्हातारे आता उरले नाहीत, आणि त्यांच्या पोरांनाही आता मोबाइलवरचा रकानाच तोंडपाठ आहे. तरीही विचार. पोराला येत नसेल तर त्याच्या आईला विचार. निंदायला-खुरपायला तीच जाते, पेरणीच्या कुठल्या तासाला पाय रुततो ते तिला माहीत असतं.

पंचनाम्याच्या ॲपमध्ये पर्याय कमी आहेत म्हणतेस. असतील. शेऱ्याची जागा आहे ना? तिथं शेतकऱ्याचाच शब्द लिही आणि पुढं थराची मोजलेली जाडी.

एक सांभाळ. नदीनं कुणाच्या बांधाला नवीन जमीन आणून लावली असेल, तर ती कुणाची हे तू जागेवर बोलायचं नाही. महसूल संहितेत मळईच्या जमिनीचे नियम वेगळे आहेत आणि भाऊबंदकीतली निम्मी डोकी तिथंच फुटतात. कच्चा नकाशा काढ, वर पाठव, गप्प बस.

परत आलेले सगळे पुन्हा कर. कोतवालाला बरोबर घे, पहार घे, आणि पंचांच्या सह्या रानातच घे. चावडीवर आणलंस की प्रत्येकाचं रान खरडलेलं निघेल.

तुझा,
अप्पा