पान बदललं की नाही, स्क्रिप्टला कसं कळणार?

प्रश्न: भरतीच्या बऱ्याच लिंक जमवल्यात, पायथनने रोज पानं उतरवून त्यांचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठशासारखा छोटा कोड) काढून कालच्याशी ताडून बघते, पण नवीन काही नसतानाही रोज 'बदललं' असंच येतं, असं का?

उत्तर: अहो तुम्ही हॅश अख्ख्या एचटीएमएलचा काढताय ना, त्यात आजची तारीख, व्हिजिटर काउंटर, फॉर्ममधलं दरवेळी नवं टोकन असं काय काय असतं, एक अक्षर हललं तरी एसएचए-२५६ सारखा हॅश वेगळाच येणार. ब्युटिफुल सूपने (एचटीएमएलमधून हवा तो भाग काढणारी पायथन लायब्ररी) फक्त भरतीच्या जाहिरातींचा टेबल घ्या, त्यातल्या लिंकचे पत्तेसुद्धा घ्या कारण नाव तेच ठेवून आतली पीडीएफ बदललेली असू शकते, जादा स्पेस काढा आणि मगच हॅश. जुना मजकूर जपून ठेवलात तर पायथनचं डिफलिब हे मॉड्यूल नेमकी बदललेली ओळ दाखवतं, हे फार कामाचं आहे. सर्व्हर ईटॅग (पानाच्या त्या आवृत्तीची खूण) देत असेल तर पुढच्या वेळी तोच इफ-नन-मॅच हेडरमध्ये पाठवा, ३०४ (म्हणजे 'बदल नाही') असं उत्तर आलं की पान उतरवायलाच नको. आणि दोन रिक्वेस्टच्या मधे थोडं थांबा प्लीज, छोट्या सर्व्हरवर लोड येतो.