तंबाखू नाही, दारू नाही, तरी तिशीत जिभेचा कॅन्सर होऊ शकतो का?

हो, होतो. प्रमाण कमीच आहे, पण ४५ च्या आतल्यांमध्ये, त्यातही कधी सिगरेट न ओढलेल्या बायकांमध्ये, केसेस बऱ्याच देशांत वाढल्यात आणि पक्कं कारण अजून सापडलेलं नाही. तंबाखू-दारू हेच मोठे धोके, दोन्ही एकत्र असतील तर विचारूच नका. एचपीव्ही या विषाणूचं नाव सगळे घेतात पण त्याच्यामुळे होणारा कॅन्सर जास्त करून जिभेच्या मागच्या, घशाकडच्या भागात. तुटका दात सारखा घासत असेल तर त्याच्यावरही संशय आहे, सिद्ध झालेलं नाही, तरी डेंटिस्टकडून गुळगुळीत करून घ्यायला काय जातं! साधं तोंड आलेलं दोन आठवड्यांत बरं होतं. जिभेच्या कडेला एकाच जागी जखम, खाली बोटाला कडक लागतंय, तीन आठवडे झाले तरी तसंच, तर जेल लावत बसू नका, डॉक्टरांना बायोप्सीबद्दल (छोटा तुकडा काढून तपासणे) स्वतःहून विचारा.